गल्लीत चहाचं दुकान काढतोय, बाकडं ठेवू का नको?

मोल्डिंगवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत २२ वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होतो. गेल्या दिवाळीपासून पाळ्या कमी झाल्या, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांनीही हात टेकले. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला मेव्हण्याचा गाळा आहे, नऊ बाय दहाचा. आधी झेरॉक्सचं दुकान होतं, ते बंद पडलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, चहा टाका. भाडं नऊ हजार, पण पहिले तीन महिने देऊ नका."

चहा मला करता येतो. फौंड्रीत रात्रपाळीला पंचवीस जणांचा मीच करायचो. पण करणं वेगळं आणि विकणं वेगळं, म्हणून विचारतोय.

एकजण फ्रँचायझी घेऊन आलता. बोर्ड, किटल्या, पत्ती सगळं त्यांचं, आपण पैसे भरायचे आणि ओतायचं. घ्यावी का? दूध निव्वळ म्हशीचं ठेवू का मिक्स? आणि तिसरा प्रश्न घरातला आहे. मला एक बाकडं ठेवायचंय. बायको म्हणते, "बाकडं ठेवलंसा की तुमचेच मित्र दहा रुपयांच्या चहावर दहा वाजल्यापासनं बसतील आणि खरं गिऱ्हाईक उभं बघून पुढं जाईल."

चहाटळ
बाकडं ठेवा. पहिला बसणारा मी.

शिवाजीपेठी
मंगळवार पेठेत दुकान म्हटल्यावर आमच्या पेठेतनं गिऱ्हाईक येणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. थट्टा सोडा, पण एक खरं सांगू? शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम चालू असला की मॅच सुटल्यावर तासाभरात शंभर चहा जाईल तुमचा. फक्त दोन्ही पेठांची पोरं एका बाकड्यावर बसवू नका. त्यापेक्षा बाकडंच आत उचलून घ्या त्या दिवशी.

दुर्गाक्का
दादा, मी सीबीएस स्टँडच्या बाहेर १४ वर्षं गाडा चालवला. आता सून बघते, मी नुसती देखरेखीला. त्यामुळं ऐकीव नाही, हाताला चटके घेऊन कळलेलं सांगतो. (कोल्हापूरची बाई आहे, "सांगतो"च म्हणणार. कुणी दुरुस्त करायला येऊ नये.)

फ्रँचायझी हायवेला ठीक, कॉलेजच्या दारात ठीक. जिथं रोज नवा माणूस येतो तिथं तो बोर्ड बघून थांबतो. गल्लीत बोर्ड कोण बघतंय? तीच तीस-चाळीस माणसं दिवसातनं तीनदा येणार. त्यांना एकच गोष्ट पाहिजे, कालच्यासारखा चहा. कालच्यापेक्षा चांगला झाला तरी "आज काय येगळंच लागतंय" म्हणून तोंड वाकडं करतात. माझ्याकडं एक कंडक्टर यायचा. दुसऱ्या कंपनीची पत्ती वापरली त्या दिवशी त्यानं एक घोट घेतला, कप ठेवला, आणि विचारलं, "घरात सगळं बरं हाय न्हवं?"

म्हणून अंदाजानं काही टाकायचं नाही. पाण्याला एक पेला, दुधाला एक, साखरेला वाटी, पत्तीला चमचा. सून लग्न होऊन आली तेव्हा मंगळसूत्राच्या खालोखाल हेच हातात दिलं तिच्या. आलं ठेचून आधी पाण्यात खळखळ उकळायचं, मग पत्ती आणि साखर, दूध शेवटी. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटतं, उन्हाळ्यात तर हमखास. आणि एका वेळी पंधरा-वीस कपांच्या वर टाकू नका. मोठं पातेलं भरून तासभर मंद आचेवर ठेवलं की वर साय आणि खाली काढा. चोथ्यात परत पाणी ओतणारे पण बघितलेत मी. ते फार दिवस टिकत नाहीत, गिऱ्हाईकाची जीभ मुकी असते पण आंधळी नसते.

पहाटे पाचला उघडा. पेपरवाली पोरं, दूधवाले, रिक्षावाले, पळायला जाणारे. सकाळच्या दोन तासांत दिवसाचं भाडं निघालं पाहिजे. बाकड्याचं नंतर बोलतो, गिऱ्हाईक आलंय.

पत्तीवाला
लक्ष्मीपुरीत वडिलांपासून सुटी पत्ती विकतो, त्यामुळं माझा सल्ला थोडा स्वार्थी समजूनच वाचा.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "चांगली द्या." चांगली कशासाठी? म्हशीच्या दुधाला आसामची सीटीसीच लागते. पान चिरडून, फाडून, वळवून दाणे करतात ती. १९३० च्या दशकात आसामात ही पद्धत निघाली आणि आपला उकळून प्यायचा चहा खरा तिच्यावरच उभा आहे. दार्जिलिंगचं महागडं पान आणून आपल्या दुधात उकळलंत तर पैसे पाण्यात गेले असं पण म्हणता येणार नाही, दुधात गेले म्हणावं लागेल.

सीटीसीत दाणा मोठा असला तर चव सावकाश उतरते, तोंडात भरल्यासारखी लागते. डस्ट म्हणजे भुकटी, ती लगेच रंग सोडते आणि कडकपणा देते. नुसती डस्ट वापरली तर किलोमागं कप जास्त निघतात, पण मिनिटभर जास्त उकळली की जीभ ओढते. दोन भाग दाणा, एक भाग डस्ट, इथनं सुरुवात करा आणि महिनाभर त्यात हात घालू नका. डबा घट्ट झाकणाचा घ्या. पत्ती शेजारचा वास ओढून घेते. माझं एक गिऱ्हाईक पत्तीचा डबा कांदा-लसूण चटणीच्या बरणीजवळ ठेवायचं. आठवडाभर तांबड्या रश्श्याच्या वासाचा चहा पाजला लोकांना, आणि दोघांनी तर "मसाला भारी आहे" म्हणून तारीफ केली.

सुटी पत्ती कुणाकडनंही घ्या, रंग मारलेली नाही ना एवढं तपासा. टिपकागदावर चिमूटभर पसरा, वर पाणी शिंपडा, मग पत्ती झटकून कागद धुवा. कागदावर रंगाचे डाग राहिले तर माल परत. लोहचुंबकही फिरवून बघा, कधी लोखंडाचा कीस निघतो.

मोल्डिंगवाला
चुंबक घरात आहे! जन्मभर वाळूतनं लोखंड वेचलं, आता पत्तीतनं वेचायचं.

गवळ्याचापोरगा
म्हशीचं का मिक्स, हा प्रश्न कोल्हापुरात विचारताय होय? ज्या गावात लोक गंगावेशीत म्हशीच्या शेजारी उभं राहून धारोष्ण पितात, तिथं पातळ चहा देऊन बघा एकदा.

पण एक बारीक गोष्ट. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, गाईच्या साडेतीन-चार. निव्वळ म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा पहिल्या कपाला स्वर्ग वाटतो, पण माणूस दिवसात चार पितो. तिसऱ्याला पोट जड. म्हणून दूध म्हशीचंच घ्या आणि पाणी उघड उघड घाला. आम्ही घालण्यापेक्षा तुम्ही घातलेलं बरं.

दुर्गाक्कांचं पेल्याचं माप मला पूर्ण पटत नाही. पावसाळ्यात हिरवा चारा सुरू झाला की दूध वाढतं आणि पातळ होतं. उन्हाळ्यात दूध आटतं, दर चढतो, पण अंगानं घट्ट. माप तेच ठेवलं तर चव बदलते. चव तीच ठेवायची तर माप बदलावं लागतं.

आणि दूध पावडरची दोन पाकिटं कायम फळीवर असू द्या. २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, आमच्याकडं गोठ्यात दूध होतं आणि शहरात पोचवायला रस्ता नव्हता. २०२१ ला परत तेच. दूध ओतून देताना आईनं पाठ फिरवली होती, बघवत नव्हतं तिला.

दुर्गाक्का
पोरगं बरोबर बोलतंय. पेला मी तोच ठेवतो पण पावसाळ्यात पाण्याचा पेला काठापर्यंत भरत नाही. सांगायचं राहिलं. इतकी वर्षं हात आपोआप थांबतो.

पुणेकर_तात्पुरता
पुण्यात अमृततुल्यात पितळी पातेल्यात चहा करतात, वेलदोडा-सुंठ घालून. तसं काही वेगळं केलं तर?

चहाटळ
तात्पुरता किती वर्षांचा?

पुणेकर_तात्पुरता
अकरा.

मोल्डिंगवाला
सगळ्यांचे आभार. फ्रँचायझीला नाही म्हणालो. हिशेब मांडलाय, चुकत असेल तर सांगा.

एक लिटर दूध ७२ रुपये, त्यात ७०० मिली पाणी. पत्ती ४० ग्रॅम, ३२० च्या दरानं १३ रुपये. साखर १२० ग्रॅम, साडेपाच. आलं-वेलची चार, गॅस पाच. म्हणजे शंभराच्या आत-बाहेर. आटून दीड लिटर राहतो, ७५ मिलीचा कप धरला तर २० कप. कपाला पाच रुपये खर्च, विक्री दहाला. दिवसाला ३०० कप गेले तर दीड हजार सुटतात. त्यातनं भाड्याचे ३००, कामाच्या पोराचे ५००, लाईट-पाणी ५०. हातात साडेसहाशे. फौंड्रीतल्या हजेरीपेक्षा कमीच, पण भट्टीसमोर उभं राहणं नाही. म्हणजे आहे, पण लहान भट्टी आहे.

दुर्गाक्का
सांडलेला, फाटलेला, ओळखीत दिलेला आणि उधारीत बुडालेला चहा कुठं धरलाय? शंभरातले दहा कप तिकडं जातात असं धरून चाला. आणि ३०० कप पहिल्या महिन्यात विसरा. दीडशे गेले तर अंबाबाईला नारळ फोडा.

उधारीची वही ठेवा पण माणूस बघून. पगारी माणसाला ठेवा, महिन्याला देतो. "उद्या देतो" म्हणणाऱ्याला हसून म्हणा, उद्याच प्या मग.

कागदपत्रंवाला
कंटाळवाणं आहे पण आधी करा. अन्न सुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. महापालिकेचा परवाना काढा. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, छोट्या दुकानाला आता नुसत्या सूचनेवर भागतो. घरची १४.२ किलोची टाकी दुकानात लावू नका, सापडला तर टाकी जाते आणि दंड वेगळा. १९ किलोची व्यावसायिक घ्या. बाकडं गाळ्याच्या हद्दीत ठेवा, गटारीवरच्या फरशीवर ठेवलंत तर एक दिवस अतिक्रमणाच्या गाडीत बसून जाईल.

रंकाळ्याकाठी
बाकड्यावर कुणी बाईमाणसाला विचारलंच नाही (दुर्गाक्का सोडून, त्या काउंटरच्या पलीकडं आहेत).

मला दुपारी साडेतीनला चहा लागतो. राजारामपुरीत ऑफिस, खाली दोन टपऱ्या. टपरीवर जाऊन उभी राहिले की बाकड्यावरच्या चार माना वळतात आणि गप्पा थांबतात. कुणी काही बोलत नाही हो, नुसत्या थांबतात. मग मी कप घेऊन स्कूटरवर येऊन बसते आणि आरशात बघत पिते. पंधरा वर्षं चहा असाच प्यायलाय. माझी आई तर आयुष्यात कधी टपरीवर चहा प्यायली नाही. रंकाळ्यावर फिरायला गेलो की भेळ खायची, पण चहा "घरी जाऊन घेऊया".

दादा, तुमच्या बाकड्यावर तुमचे मित्र बसले की आम्ही येणार नाही. वहिनींचं म्हणणं मला वेगळ्या कारणानं पटतं.

चहाटळ
पहिला बसणारा मी, हे मागं घेतो.

निवांत_मास्तर
चहाच्या दुकानात कोण बसतं हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना तर शासन केलंच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळं करून धंद्याला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. दुकान स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज त्या रस्त्यानं जाताना गाडी थांबवून गंगारामांकडून चहा मागवायला लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबर गाडीत बसलेल्यांनाही पाजायचे. छत्रपतींनी दिलेला कप नाही कोण म्हणणार!

मी शाळेत ही गोष्ट दरवर्षी सांगायचो. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, महाराज गाडीत बसून प्यायले का दुकानात बसून?" मी निरुत्तर. रंकाळ्याकाठी यांचं स्कूटरवरचं वाचून तीच पोरगी आठवली.

(महाराजांनी पन्हाळ्याला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले होते. तो चहा टिकला असता तर पत्तीवाल्यांना आसामला हात जोडावे लागले नसते.)

मोल्डिंगवाला
मास्तर, भाऊसिंगजी रोडनं हजार वेळा गेलोय. हे माहीत होतं पण असं डोक्यात आलं नव्हतं.

ठरवलंय. गुटखा तसाही २०१२ पासून बंदीत आहे, पण मी सिगरेटसुद्धा ठेवणार नाही. मेव्हणा म्हणतो, निम्मा धंदा गेला. जाऊ दे. शाळा जवळच आहे, तेवढंच निमित्त सांगतो. बाकडं एकच, गाळ्याच्या आत, डाव्या भिंतीला. बाहेर उभ्यानं प्यायला कठडा. म्हणजे मित्र कठड्यावर, बाकडं मोकळं. बायकोला दाखवलं, ती "बघू" म्हणाली. आमच्यात "बघू" म्हणजे पास.

शिवाजीपेठी
सिगरेट नाही म्हटल्यावर आमच्या पेठेतले म्हातारे आले तर येतील. नाव काय ठेवलं?

मोल्डिंगवाला
नाव ठेवलंच नाही अजून. बोर्डावर नुसतं "चहा" लिहिलंय, रंगाऱ्यानं अक्षराचे पैसे घेतले म्हणून.

मोल्डिंगवाला
मंडळी, सोमवारी दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी फजिती.

साखरेच्या चहाबरोबर गुळाचा ठेवायचा होता. आपल्या गावात गुळाचा नको तर कुठला? शाहूपुरीतनं चांगला काळपट गूळ आणला. सकाळी सात वाजता, दारात नऊ माणसं, चहात गूळ टाकला, ढवळला, आणि डोळ्यांदेखत अख्खं पातेलं फाटलं. वर पिवळं पाणी, खाली पनीर. शेजारचे आण्णा वाकून बघून म्हणाले, "कलाकंद चांगला होईल." दुसऱ्यांदा केला, परत फाटला. दोन लिटर दूध गेलं. घरात रोज गुळाचा चहा होतो, तिथं कधी फाटत नाही, इथंच का?

दुर्गाक्का
घरी गूळ कोण टाकतं? वहिनी. त्यांना विचारलं असतंत तर दोन लिटर वाचलं असतं.

गवळ्याचापोरगा
गुळाला थोडी आंबट बाजू असते आणि क्षारही असतात. उकळत्या दुधात पडला की दूध सहन करत नाही. गूळ पाण्यात आधी पूर्ण विरघळवून, पत्ती-आलं घालून उकळून घ्या. काळा चहाच समजा. गाळा. दूध वेगळ्या भांड्यात गरम ठेवा. गॅस बंद करून गरम चहात गरम दूध ओता आणि त्यानंतर परत उकळू नका. जुना, पाणी सुटलेला गूळ चहाला नकोच.

पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. तो रंग पुष्कळदा पावडर मारून आणलेला असतो. आमच्याकडं गुऱ्हाळावर रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो गूळ दिसायला साधा असतो. तुम्ही काळपट घेतलात ते बरोबर केलंत, फक्त घाई नडली.

मोल्डिंगवाला
तसंच केलं, जमलं. बायकोला विचारलं. म्हणाली, "मी कायम गॅस बंद करूनच दूध घालते. तुम्ही वीस वर्षं पिताय, एकदा बघितलं न्हाईसा?"

रंकाळ्याकाठी
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

मोल्डिंगवाला
पाच आठवडे झाले, म्हणून लिहितोय. सरासरी १८० कप. रविवारी कमी, सोमवारी जास्त, पाऊस पडला की काउंटरला गर्दी. कागदी कप ठेवले नाहीत, काचेचे ग्लास आणि मागेल त्याला कपबशी. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्या म्हाताऱ्यांची एक वेगळीच टोळी जमलीय. धुणं वाढलंय, पोरगं कुरकुरतं. एक कप दररोज फुटतो, तो पण हिशेबात धरा. दुर्गाक्कांचे शंभरातले दहा अगदी बरोबर निघाले, अकरावा फुटका.

बाकड्याचं सांगायचं होतं. पहिले दोन आठवडे ते रिकामंच. पुरुष आत यायचे, बाकड्याकडं बघायचे, बाहेर कठड्याला जायचे. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कपिलतीर्थला भाजी विकणाऱ्या दोघी रिकाम्या पाट्या घेऊन दुपारी दोनला आमच्या गल्लीतनं घरी जातात. तिसऱ्या आठवड्यात त्यातली एक आत आली, बाकडं बघितलं, विचारलं, "हितं बसलं तर चालंल?" म्हटलं, मावशी, त्यासाठीच आहे. पाटी खाली ठेवली, पदरानं मान पुसली, बसली. दुसरी दारातच. पहिली म्हणाली, "ये की गं, पैसं पडत न्हाईत बसायचं."

आता रोज दोनला दोघी, साडेतीनला शाळेतल्या दोन बाई, सहाला क्लासच्या पोरी. काल पहिल्यांदा अडचण झाली. भाजीवाल्या मावशी उशिरा आल्या, बाई लवकर आल्या, आणि बाकड्यावर जागा चौघींची. पाचजणींत जी उभी राहिली ती माझी बायको, कारण ती पण तेव्हाच चहा प्यायला खाली आली होती. उभ्या उभ्या कप हातात घेऊन मला म्हणाली, "एकच आणलासा होय?"

तर मंडळी, दुसरं बाकडं पाहिजे. नवं परवडत नाही. कुणाकडं जुनं असेल तर कळवा.

उद्यमनगरचा_पॅटर्नमेकर
वाचत होतो, लिहीत नव्हतो. आमच्या शेडमागं बागेच्या बाकड्याचे बिडाचे दोन पाय पडून आहेत, नमुना म्हणून ओतलेले. एकाला बारीक ब्लोहोल (ओतताना हवेनं पडलेलं भोक) आहे, तुम्हाला दिसेलच. पाय घेऊन जा, फळी तुमची. चहा किती वाजेपर्यंत असतो?